गोळ्यांचं बिन कार्ड

वसुबारस, संध्याकाळचे पाच. अकरा जणींना द्यायची रक्कम एक लाख बत्तीस हजार रुपये. हजर होत्या भिशीच्या अकरा बायका, माझी बायको आणि मी. जागा आमच्याच घराची पुढची खोली, पंचवटीत.

ही भिशी बायको एकोणीस वर्षं चालवत होती. गल्लीतल्या आणि फुलबाजारातल्या हार ओवणाऱ्या बायका दर महिन्याला हजार रुपये तिच्याकडे ठेवायच्या आणि वसुबारसेला जिचे तिला बारा हजार परत मिळायचे. त्यावर दिवाळी व्हायची. सभासद बारा, बारावी ती स्वतः. एकोणीस वर्षांत एक रुपयाचा फरक पडला नव्हता. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, त्यामुळे हिशोबाचं मला कौतुक जरा जास्तच. पण भिशीच्या वहीला मी कधी हात लावला नाही. गरज पडली नाही.

त्या दिवशी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. मी शेजारीच बसलो होतो. डब्यात तीन हजार चारशे रुपये होते.

मला वाटलं बाकीचे कपाटात असतील. ती मात्र हसत होती. सणाच्या दिवशी पाहुण्यांसाठी काहीतरी गोड झाकून ठेवलं असावं, तसं हसू.

"अहो, माळ्यावरचं तेवढं काढून द्या," ती मला म्हणाली.

मी स्टूल घेऊन चढलो. गणपतीच्या मखरामागे फुलांची रिकामी पोती रचलेली होती आणि पोत्यांच्या आत भांडी. पितळेच्या घागरी, तांब्याचे हंडे, कळशा, परात, समया. एकेक खाली देत गेलो. अडतीस नग. दहाव्या-बाराव्या भांड्यालाच पैसे कुठे गेले ते मला कळलं होतं.

प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे दुकानातच कारागीर बसलेला असतो, तो विचारतो काय नाव, कुणाकडून. तशी ठोकून घातलेली नावं. बायको एकेक भांडं उचलून नाव वाचायची आणि जिचं तिच्यापुढे ठेवायची. "मावशी, ही तुझी घागर. हे बघ, तुझं नाव, आणि खाली माझं."

मावशी म्हणजे बायकोच्या माहेरच्या मळ्याशेजारची, मखमलाबादची. वय सत्तरच्या पुढे. बायकोला आठव्या वर्षी सुई-दोरा हातात देऊन हार ओवायला तिनेच शिकवलं. मावशीने घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, कारखान्यातले नटबोल्ट मोजून ठेवता म्हणं तुम्ही. घरातलं काय मोजलं?"

एक बाई म्हणाली, "मला पोराची फी भरायची हाय. परात नेऊन देऊ का शाळेत?" कुणीतरी हसलं. ते हसू मला सहन झालं नाही. मी बायकोकडे वळलो आणि अकरा बायकांसमोर म्हणालो, "घरात चोर पाळला मी."

तिचं हसू लगेच गेलं नाही. आधी तिला समजलंच नाही की मी तिच्याबद्दल बोलतोय.

बायका भांडी तिथेच टाकून गेल्या. मी प्रत्येकीला उंबऱ्याशी सांगितलं की महाशिवरात्रीच्या आत पैसे पोचतील. मावशी शेवटी गेली. "पैशे येतील," ती म्हणाली. "पन इस्वास कुठून आनशील गं?" हे ती बायकोला म्हणाली, मला नाही.

आता थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय हे कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी बायकोचा उजवा हात जड झाला. आधी गजऱ्याची गाठ सुटायला लागली, मग सुईत दोरा जाईना. चालताना उजवा हात हलायचा थांबला. चेहरा मख्ख दिसायला लागला. मला वाटायचं ती रागावली आहे. तपासण्या होऊन निदान झालं, कंपवात. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, आधी वर्षभर लहान, मग फाल्गुनापासून तीन-तीन महिन्यांनी थोडी मोठी.

मी गोळ्यांसाठी बिन कार्ड केलं. आमच्या स्टोअर्समध्ये प्रत्येक बिनला, म्हणजे खणाला, असं कार्ड टांगलेलं असतं. तारीख, आवक, जावक, शिल्लक. माल किती आला, किती दिला, किती उरला. गोळ्यांच्या डब्यालाही मी तसंच कार्ड दोऱ्याने बांधलं. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री आठ. प्रत्येक गोळीची नोंद निळ्या शाईने. तुटवडा निघाला तर तो लाल शाईने लिहायचा असा नियम आहे. दोन वर्षांत लाल शाईची वेळ आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काका, असा नातेवाईक मला सगळ्या पेशंटना मिळू दे." मला बरं वाटायचं.

गोळी मोठी झाली तसा हात सुटला. फाल्गुनात ती पुन्हा शेवंतीचा हार ओवायला लागली. बोलायला लागली, गाणं गुणगुणायला लागली. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर माझ्या डब्यात चिठ्ठी टाकली होती एकदा, "भाजी तिखट झाली आहे, दही आणून खा." मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. ते वर्ष आमचं फार चांगलं गेलं. म्हणजे मला तसं वाटलं.

चैत्रात पलंगाखाली मला एक पितळी कळशी दिसली होती. विचारलं तर म्हणाली, "लेकीच्या संसाराला." लेक पुण्यात नोकरी करते, लग्नाचं चाललं होतं. मी म्हटलं बरं. नंतर पलंगाखाली काही दिसलं नाही आणि मी माळ्यावर चढलो नाही. नट आणि बोल्टचा दर महिन्याला साठा तपासणारा माणूस सात महिने स्वतःच्या माळ्यावर चढला नाही.

याहून वाईट गोष्ट अशी. प्रत्येक तपासणीला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काकूंच्या सवयीत काही बदल? खर्च, खाणं, जुगार, एखाद्या गोष्टीचं वेड?" प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "नाही." चैत्रानंतरही म्हणालो. कळशी आठवली होती. पण घरातली गोष्ट हॉस्पिटलात कशाला सांगायची, असं वाटलं. हाताविषयी मी त्यांना मिनिटामिनिटाचं सांगायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मराठीत छापलेला एक कागदही दिला होता. मी त्यावर मिळाल्याची तारीख टाकून फाइलला लावला. वाचला नाही.

वसुबारसेनंतर चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. घरात आकाशकंदील लावला नाही. ती भांडी पुसत बसायची. पाडव्याला ती बाहेर जायला निघाली, विचारलं कुठे, तर म्हणाली, "भांडीबाजारात. मावशीला घागर आवडली नाही, हंडा आणते." मी दार लावून घेतलं आणि कडीला कुलूप घातलं. ती दारावर हात मारत राहिली. ओरडली नाही, फक्त एका लयीत मारत राहिली, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून ते मोजत होतो. दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. त्या दिवशी प्रथम मला वाटलं की हा चोरीचा प्रकार नाही. चोराला पकडल्यावर चोर थांबतो.

दुसऱ्या दिवशी फाइल काढली आणि तो कागद वाचला. मग तिला घेऊन हॉस्पिटलात गेलो. सोबत तीन गोष्टी नेल्या होत्या, बिन कार्ड, भिशीची दोन वर्षांची वही आणि भांडीवाल्याच्या पावत्या. पावत्या तिने पोत्यांतच नीट ठेवल्या होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी आधी वही उघडली. मी म्हटलं, "रक्कम शेवटच्या पानावर आहे." त्या म्हणाल्या, "रक्कम नाही बघत. अक्षर बघते."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानांवर बायकोचं नेहमीचं गोल अक्षर. पुढे पुढे ते बारीक होत गेलेलं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. गोळी सुरू झाल्यावर पुन्हा मोठं. आणि फाल्गुनानंतर मोठं, मोकळं, ओळ सोडून धावणारं. एवढी वर्षं तिचं अक्षर पाहून मला हे दिसलं नव्हतं. मग त्यांनी बिन कार्ड आणि पावत्या शेजारी ठेवल्या. गोळी वाढवल्याच्या तारखा आणि पावत्यांच्या तारखा. पहिली वाढ, बारा दिवसांनी पहिली कळशी. दुसरी वाढ, त्या महिन्यात सहा नग. तिसरी वाढ, अकरा नग. दोन्ही कागद माझ्याच घरात होते. मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

"काका, मेंदूच्या खालच्या भागात काळसर पेशींची एक छोटी पट्टी असते," त्या म्हणाल्या. "त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. काकूंच्या त्या पेशी मरतायत. हालचाल चालवणाऱ्या भागाला डोपामिन मिळत नाही, म्हणून हात अडतो. ही गोळी मेंदूत जाऊन डोपामिनसारखं वागते. पण डोपामिन दुसरीकडेही लागतं. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, मिळाली की परत हवीशी वाटणं, ते जिथून चालतं तिथे. तो भाग काकूंचा अजून बराच शाबूत आहे. तिथे आधीच पुरेसं होतं. गोळीने वरून आणखी घातलं."

"म्हणजे एका डिपार्टमेंटला तुटवडा, दुसऱ्याकडे माल पुरेसा," मी म्हटलं, "आणि दोघांनाही सारखाच माल दिला."

"हो. आणि गोळीला पत्ता वाचता येत नाही. सगळ्यांना असं होत नाही. काहींनाच होतं. कुणी जुगार खेळतं, कुणी खात सुटतं. कुणी वाटत सुटतं."

बायको खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "म्हणजे ती मी नव्हतेच का?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हीच होता, काकू. प्रेमही तुमचंच होतं. थांबायची मोकळीक तेवढी कमी झाली होती."

"किती कमी?" मी विचारलं.

"ते मोजून सांगता येत नाही."

मला आकडा हवा होता. आकडा मिळाला असता तर त्यातून मी वसुबारसेच्या माझ्या वाक्याची वजाबाकी केली असती.

पुढचा प्रश्न बायकोने विचारला. "गोळी नाही कमी केली तर?"

"हात चालेल. आणि हेही चालत राहील."

"कमी केली तर?"

"दुसरं औषध वाढवून बघू. पण पूर्वीइतकी बोटं चालतील असं मी सांगत नाही. आणि कमी करताना त्रास होईल. एकदम बंद करता येत नाही, हळूहळूच."

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिच्या माहेरी तीन पिढ्या फुलं पिकवतात. या हाताने तिने लेकीचं कॉलेज केलं होतं. तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, दोरा ओढताना घासतात तशी. मग म्हणाली, "करा कमी."

त्यानंतरच्या अडीच महिन्यांविषयी मला फार लिहिता येणार नाही.

गोळी पाव-पाव कमी होत गेली तशी ती आक्रसत गेली. तिला घाम यायचा, भीती वाटायची. कशाची ते सांगता यायचं नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाटलं होतं की गोळी गेली की माझी आधीची बायको परत मिळेल. आधीची मिळाली नाही, हसणारीही गेली. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या की मेंदूला जास्तीची सवय झाली होती, आता तो रिकामा पडलाय, थोडे दिवस सांभाळा. किती दिवस, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

गोळ्यांच्या डब्याला मी कारखान्यातलं जुनं कुलूप लावलं होतं. ती माझ्यापुढे हात पसरायची. "अर्धी द्या ना. फक्त आजची."

"नाही गं. उद्या सकाळी."

"तुम्ही मोजून ठेवलेल्या असतात. अर्धी कमी झाली तर तुम्हाला काय फरक पडतो?"

एकदा तिने विचारलं, "डब्यात चिठ्ठी टाकली होती मी. दह्याची. ती पण गोळीचीच का?"

मी म्हटलं, "माहीत नाही." खोटं बोलायला हवं होतं.

या काळातच मी भांडी विकली. भांडीवाला म्हणाला, "नाव घातलेला माल परत घेत नाही, दादा. मोडीत देत असाल तर घेतो." मोड म्हणजे जुनं भांडं वितळवायच्या भावाने. पितळ शहाण्णव किलो चारशे ग्रॅम, तांबं चोवीस किलो. एक लाख चौतीस हजार आठशे वीसचा माल सहासष्ट हजार दोनशेला गेला. नावं घालायला आणि रिक्षाला गेलेले पाच हजार सातशे ऐंशी वेगळे, ते गेलेच. त्याने काटा लावताना एकेक घागर उलटी केली. वाचत होता. "एवढी नावं," तो म्हणाला, "कुणाचं काय कार्य होतं का?" मी म्हटलं, "हो."

उरलेल्या पैशांसाठी मी लेकीच्या लग्नाची एक ठेव मोडली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, लग्न साधं करू. आईला ओरडू नका." मी तिला सांगितलं की आता ओरडत नाही. आधी काय म्हणालो होतो ते सांगितलं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी कार्ड आणि डबा जुळेना. शिल्लक एकोणतीस लिहिलेली, डब्यात अठ्ठावीस. दोनदा मोजलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली माझ्या पँटच्या खिशात, पँट खुंटीला.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कणीक तिंबायला घेतली होती, पण बोटं उघडत नव्हती, पीठ मुठीत तसंच अडकलेलं.

"मी घेतली," ती म्हणाली. "चोर आहेच ना मी."

मी लाल पेन हातात घेतलं होतं. तुटवडा एक, असं लिहायचं होतं. मी ते ठेवून दिलं आणि निळ्या शाईने जावकच्या रकान्यात एक लिहिला, त्यापुढे तिचं नाव. मग तिच्या मुठीतलं पीठ सोडवलं आणि कणीक मळली. ती कोरडी झाली. पोळ्या वातड झाल्या आणि आम्ही त्या खाल्ल्या.

महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारपर्यंत दहा जणींचे पैसे मी घरोघरी जाऊन पोचवले. मेंदूचं समजावून सांगायचा प्रयत्न पहिल्या तिघींकडे केला. एक म्हणाली, "आमच्या नवऱ्यालाबी दारूचं असंच सांगतात, मेंदूचं हाय म्हनून. पगार कुठं परत येतो?" दुसरीने पैसे मोजून घेतले आणि दार लावलं. तिसरी म्हणाली, "बरं वाटू दे तिला," पण आत या म्हणाली नाही. पुढे मी समजावणं सोडून दिलं. सही घ्यायची आणि निघायचं.

मावशी म्हणाली होती, "मी माझे घरी येऊन घेईन. तिच्या हातनं." ती शनिवारी दुपारी आली. बसली नाही. मी बारा हजार बायकोच्या हातात दिले, तिने पुढे केले. मावशीने थुंकी लावून दोनदा मोजले आणि कनवटीला लावले.

"आता वहीत लिही," ती बायकोला म्हणाली. "तू लिही. जावयाचं अक्षर मला चालत नाय."

"मावशी, लय वेळ लागतो मला."

"मला कुठं जायचंय?"

बायकोने पेन धरलं. पहिलं अक्षर दिसेल एवढं आलं, दुसरं त्याहून लहान, मग पेन जागीच थांबलं. तिने डाव्या हाताने उजवा पुढे ढकलला. मावशी वाकून बघत होती. एक ओळ लिहायला सात मिनिटं लागली आणि ती ओळ शेवटी इतकी बारीक झाली की भिंगाशिवाय वाचता आली नसती. मावशीला वाचता येत नाही. तिने बायकोचं मनगट धरलं आणि बोटं एकेक करून उघडून पाहिली, हार शिकवताना धरली असतील तशी.

"सुई धरता येती का?"

"नाही."

"आन त्या गोळीनं येत व्हती."

"येत होती."

"मग का सोडली?"

मावशी भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "च्या ठेवा, जावईबापू. बिनसाखरेचा."

चहा गॅसवर चढवून मी कपाटातून आणखी एक पाकीट काढून आणलं आणि मावशीच्या समोर बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"बारा हजार. भिशी बारा जणींची होती. तुझे राहिले होते."

"मला कशाला? मीच तर..."

"वहीत तुझं नाव बारावं आहे," मी म्हटलं. "तुझे दर महिन्याचे हजार जमा आहेत. तुझेही गेले."

ती पाकिटाकडे बघत राहिली. तिला ते उचलता येईना. मावशीने उचललं, उघडलं आणि तेही दोनदा मोजलं. "बरोबर हाय," ती म्हणाली आणि बायकोच्या मांडीवर ठेवलं. चहा उतू गेला.

बायकोला सही करायला अकरा मिनिटं लागली. एकूण दिले एक लाख चव्वेचाळीस हजार. पैकी डब्यातले तीन हजार चारशे, मोडीचे सहासष्ट हजार दोनशे, घरातून चौऱ्याहत्तर हजार चारशे. शेवटची रक्कम बारा हजार, बाराव्या सभासदाला, म्हणजे माझ्या बायकोला पोचली.